न्यूटनीय दुर्बीण माउंटवर तोलताना : आडवी असताना स्थिर, उभी केली की झुकते

नवनिरीक्षक यांचा प्रश्न

सप्रेम नमस्कार.

माझ्याकडे २०० मिलिमीटर व्यासाची आणि १००० मिलिमीटर नाभीय अंतराची न्यूटनीय परावर्ती दुर्बीण असून ती जर्मन पद्धतीच्या विषुववृत्तीय माउंटवर, म्हणजे एक अक्ष ध्रुवाकडे रोखून ताऱ्यांमागे फिरणाऱ्या बैठकीवर, बसवलेली आहे. जोपर्यंत केवळ डोळ्यांनी निरीक्षण चालू होते, तोपर्यंत समतोलाकडे फारसे लक्ष द्यावे लागले नाही. हात सोडला तरी नळी जागच्या जागी राहते एवढे पाहिले की काम भागत असे. आता फोकसरला (प्रतिमा स्पष्ट करण्यासाठी आत-बाहेर सरकणाऱ्या भागाला) कॅमेरा लागला आहे, नळीच्या कड्यांवर छोटी मार्गदर्शक दुर्बीण बसली आहे, दव रोखणाऱ्या हीटरची वायर लोंबते आहे, आणि हा विषय एकाएकी किचकट होऊन बसला आहे.

माहितीपुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे मी काउंटरवेटची, म्हणजे नळीच्या विरुद्ध बाजूच्या तोलवजनाची, दांडी क्षितिजसमांतर करून वजने सरकवतो आणि विषुवांश अक्ष (ध्रुवाकडे रोखलेला, पूर्व-पश्चिम फिरवणारा) तोलतो. त्यानंतर नळी आडवी करून, डव्हटेल (नळीला माउंटवर धरणारी सरकती पट्टी) मागेपुढे सरकवून क्रांती अक्ष (उत्तर-दक्षिण फिरवणारा) तोलतो. त्या स्थितीत दोन्ही अक्षांना घट्ट धरणारे क्लच सैल केले तरी काहीही हलत नाही. परंतु दांडी तशीच आडवी ठेवून नळी थेट डोक्यावरच्या आकाशाकडे उभी रोखली आणि क्रांती अक्षाचा क्लच सोडला, की ती फोकसरच्या बाजूला झुकते, आणि हा झुकाव चांगला जोरकस असतो. त्याचप्रमाणे दांडी सरळ खाली आणि नळी ध्रुवाकडे अशा सुरुवातीच्या स्थितीत विषुवांश अक्षाचा क्लच सोडला, तर सगळा डोलारा सावकाश एका बाजूला कलू लागतो.

याचा छायाचित्रांशी संबंध असावा असा मला संशय आहे. लक्ष्य याम्योत्तर वृत्ताच्या, म्हणजे डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेच्या, आसपास आले की काही छायाचित्रांत प्रत्येक ताऱ्याची जोडी दिसते, म्हणजे एक ठळक ठिपका आणि त्याच्या शेजारी पूर्व-पश्चिम दिशेत दुसरा फिकट ठिपका. त्याच्या आधीची आणि नंतरची चित्रे मात्र स्वच्छ असतात.

माझ्या शंका अशा आहेत. आडव्या स्थितीत तोललेली नळी उभ्या स्थितीत का झुकते? दोन अक्षांपैकी आधी कोणता तोलावा, आणि त्याने खरोखर काही फरक पडतो का? समतोल अगदी काटेकोर असावा असे काही जण सांगतात, तर पूर्वेची बाजू मुद्दाम किंचित जड ठेवावी असे इतर काही जण सांगतात. यांतले कोणाचे ऐकावे? शेवटची अडचण अशी, की माझ्या माउंटचा क्रांती अक्ष क्लच सोडल्यावरही जड फिरतो, त्यामुळे नळी तोलली गेली म्हणून स्थिर आहे की ग्रीसमुळे अडकून राहिली आहे, हेच समजत नाही.

वर्मचाक यांचे उत्तर

आपण नळी उभी करून पाहिलीत हे फार चांगले झाले, कारण अनेक माहितीपुस्तिका या चाचणीचा उल्लेखही करत नाहीत.

नळी आडवी ठेवून केलेली चाचणी गुरुत्वमध्याविषयी एवढेच सांगते, की तो नळीच्या लांबीच्या दिशेने क्रांती अक्षाच्या पुढे आहे की मागे. तो अक्षाच्या वर आहे की खाली, हे त्या स्थितीत कळू शकत नाही, कारण अक्षाच्या बरोबर वर किंवा बरोबर खाली असलेले वजन अक्षाभोवती आघूर्ण, म्हणजे फिरवणारा जोर, निर्माण करत नाही. नळी उभी केली की तेच वर-खालीचे अंतर आडवे होते आणि लपून राहिलेला झुकाव उघड होतो. ध्रुवाकडे रोखलेल्या स्थितीत विषुवांश अक्ष कलतो तोही याच कारणाने: तेथे दांडी उभी असल्यामुळे काउंटरवेट थोडे कमी-जास्त असते तरी फरक पडला नसता, पण नळीच्या बाजूला सरकलेला गुरुत्वमध्य आपले काम करतोच. म्हणजे आपल्याला दिसलेली दोन लक्षणे एकाच दोषाची आहेत. क्रांती अक्षाभोवती जे जे फिरते, त्या सर्वांचा मिळून गुरुत्वमध्य क्रांती अक्षाच्या रेषेवर आला पाहिजे, आणि काउंटरवेट धरून संपूर्ण भाराचा गुरुत्वमध्य विषुवांश अक्षावर आला पाहिजे. या दोन अटी पुऱ्या झाल्या, तर आकाशाच्या कोणत्याही भागाकडे रोखले तरी समतोल टिकतो.

न्यूटनीय दुर्बिणीत हा बाजूचा झुकाव जास्त त्रास देतो, कारण फोकसर, कॅमेरा आणि फाइंडर (लक्ष्य शोधण्याची छोटी दुर्बीण) हे सर्व नळीच्या एकाच अंगाला येतात. आकडे घेऊन पाहू. समजा या तिघांचे मिळून १.२ किलो वजन नळीच्या मध्यरेषेपासून सरासरी १८ सेंटिमीटर अंतरावर आहे. त्याचे आघूर्ण २१.६ किलो-सेंटिमीटर झाले. सर्व साहित्यासह नळी ९.७ किलोची धरली, तर गुरुत्वमध्य मध्यरेषेपासून सुमारे २.२ सेंटिमीटर बाजूला जातो. तो परत आणण्यासाठी समोरच्या अंगाला वजन लावायचे म्हटले, तर नळीची बाह्य त्रिज्या ११.५ सेंटिमीटर असल्यामुळे जवळजवळ १.९ किलो लावावे लागेल, आणि त्याची भरपाई म्हणून काउंटरवेटही वाढवावे लागेल. मध्यम ताकदीच्या माउंटवर हा मार्ग मला मुळीच पसंत नाही.

त्यापेक्षा कड्यांचे स्क्रू सैल करून नळी स्वतःभोवती फिरवा. फोकसर क्रांती अक्षाच्याच रेषेत आला, म्हणजे एक तर थेट माउंटकडे किंवा थेट माउंटच्या विरुद्ध दिशेला रोखला गेला, की त्याचे वजन त्या अक्षाभोवती आघूर्ण निर्माण करतच नाही. छायाचित्रणासाठी मी माउंटकडची दिशा निवडतो, कारण त्यामुळे भार विषुवांश अक्षाच्या जवळ येतो आणि काउंटरवेट कमी लागते. डोळ्याने पाहणाऱ्याला ही दिशा अतिशय गैरसोयीची आहे. त्याने थोडा झुकाव सोसून आयपीस सोयीच्या कोनात ठेवावी, डोळ्यांच्या निरीक्षणात त्याने काही बिघडत नाही. आपली मार्गदर्शक दुर्बीण कड्यांच्या माथ्यावर, म्हणजे डव्हटेलच्या बरोबर समोरच्या अंगाला असेल, तर तीही आपोआप अक्षाच्या रेषेत आहे. ती एका बाजूला असल्यास माथ्यावर हलवा. नळी फिरवून झाल्यावर पुन्हा उभ्या स्थितीतली चाचणी करा आणि उरलेला झुकाव नळी आणखी काही अंश इकडे-तिकडे फिरवून काढा. नळी फिरवताना ती कड्यांतून घसरू नये म्हणून मागच्या कड्याला टेकेल असा चिकटपट्टीचा जाडसर वेढा नळीवर आधीच द्यावा.

आता क्रमाविषयी. क्रांती अक्ष आधी आणि विषुवांश अक्ष शेवटी, असाच क्रम ठेवावा. काउंटरवेट क्रांती अक्षाच्या रेषेवरच सरकत असल्यामुळे ते कितीही वर-खाली केले तरी क्रांती अक्षाचा तोल बिघडत नाही. उलट नळी फिरवली, एखादे वजन लावले किंवा मार्गदर्शक दुर्बीण हलवली, की विषुवांश अक्षाचा हिशेब बदलतो. आपल्या क्रमाने गेल्यास प्रत्येक वेळी दोनदा काम करावे लागेल.

तोलण्यापूर्वी सर्व काही प्रत्यक्ष वापरातल्या स्थितीत असले पाहिजे: कॅमेरा लावलेला, फोकसर ताऱ्यांवर स्थिर झाला होता तेवढाच बाहेर काढलेला, वायरी जोडलेल्या आणि बांधलेल्या, आणि नळीचे झाकण काढलेले. झाकण हलके वाटते, पण ते नळीच्या अगदी टोकाला असते, म्हणून ते ठेवून तोललेली नळी झाकण काढताच मागे जड होते. नंतर साहित्य बदलले तर किती सरकवावे लागेल याचा अंदाज कागदावर बांधता येतो. उदाहरणार्थ, ७०० ग्रॅमचा कॅमेरा अक्षापासून ६० सेंटिमीटर अंतरावर नव्याने लावला आणि एकूण भार ९.७ किलो झाला, तर नळी ४२ भागिले ९.७, म्हणजे सुमारे ४.३ सेंटिमीटर मागे घ्यावी लागते.

जड फिरणाऱ्या अक्षासाठी एक खात्रीची युक्ती आहे. डव्हटेलच्या कडेला कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावा. दांडी आडवी करून विषुवांश अक्ष घट्ट करा, नळी आडवी ठेवा आणि क्रांतीचा क्लच पूर्ण सोडा. मग नळी थोडी थोडी पुढे सरकवत जा आणि ज्या जागी पुढचे टोक आपोआप खाली जाऊ लागते, तेथे पेन्सिलीने खूण करा. त्यानंतर मागे सरकवत जा आणि मागचे टोक जेथे खाली जाऊ लागते, तेथे दुसरी खूण करा. या दोन खुणांमधला पट्टा घर्षणाचा आहे आणि खरा समतोल त्याच्या मध्यावर आहे. काउंटरवेटच्या दांडीवरही हेच करता येते. प्रत्येक वेळी सरकवण्यापूर्वी क्लच घट्ट करावा, एक हात नळीखाली असावा आणि डव्हटेलचा स्क्रू अगदी थोडाच सैल करावा, हे सांगायला नकोच. तरीही सांगतो, कारण ज्या क्षणी दोन्ही स्क्रू एकदम सैल असतात, तोच क्षण घातक ठरतो.

याम्योत्तर यांचे उत्तर

वर्मचाक यांच्या विवेचनात भर घालण्यासारखे फार थोडे आहे, म्हणून मी जोडताऱ्यांच्या चित्रांकडे आणि पूर्वेची बाजू जड ठेवण्याच्या प्रश्नाकडे वळतो.

आपल्या वर्गातल्या माउंटमध्ये विषुवांश अक्षावर एक दातेरी चाक असते आणि त्याला वर्म, म्हणजे स्क्रूसारखे आटे असलेला दांडा, फिरवतो. वर्म आणि चाकाचे दाते यांच्यात थोडी फट ठेवावीच लागते, अन्यथा यंत्रणा आवळून बसेल. या फटीत चाक मोकळे असते. ते कोणत्या बाजूला टेकेल हे मोटर ठरवत नाही, ते त्या घडीला शिल्लक असलेला असमतोल ठरवतो. आता आपल्या दुर्बिणीत बाजूचा झुकाव आहे. माउंट फिरत जातो तशी त्या झुकावाची दिशा गुरुत्वाकर्षणाच्या संदर्भात बदलत जाते, आणि एका विशिष्ट स्थितीत एकूण आघूर्ण शून्यातून जाऊन उलटे होते. त्या वेळी चाक दात्याची एक बाजू सोडून दुसऱ्या बाजूला जाऊन टेकते. आपल्या १००० मिलिमीटर नाभीय अंतराला ३.७६ मायक्रॉनच्या पिक्सेलचा कॅमेरा असेल, तर एक पिक्सेल सुमारे ०.७८ विकलांचा होतो (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). चाक अवघ्या ८ विकला सरकले तरी तारा १० पिक्सेल उडी मारतो. छायाचित्र चालू असताना ही उडी बसली, की ठळक ठिपका आणि फिकट ठिपका अशी जोडी उमटते. आपण जे वर्णन केले आहे ते मला याच प्रकारातले वाटते, विशेषतः ठिपके पूर्व-पश्चिम दिशेत असल्यामुळे.

पूर्वेची बाजू किंचित जड ठेवण्यामागचे कारण येथेच आहे. तारे पूर्वेकडून पश्चिमेकडे जातात आणि माउंट त्यांच्यामागे सेकंदाला सुमारे १५ विकला या गतीने फिरतो. पूर्वेची बाजू जड असेल, तर मोटर सतत भार उचलत राहते आणि दाते एकाच बाजूला टेकून राहतात. लक्ष्य पूर्वेच्या आकाशात असताना नळी माउंटच्या पश्चिमेला आणि काउंटरवेट पूर्वेला असते, म्हणून तेव्हा काउंटरवेट किंचित खाली, म्हणजे दांडीच्या टोकाकडे सरकवावे. लक्ष्य याम्योत्तर ओलांडून गेल्यावर आपण नळी दुसऱ्या बाजूला उलटवता. मग नळी पूर्वेला येते आणि तिची बाजू जड हवी, म्हणून काउंटरवेट वर सरकवावे. ही युक्ती उत्तर आणि दक्षिण या दोन्ही गोलार्धांत सारखीच लागू पडते, कारण आकाश दोन्हीकडे पश्चिमेकडेच सरकते.

किती जड, या प्रश्नाला माझे उत्तर असे: क्लच सोडल्यावर ती बाजू अगदी सावकाश खाली जाऊ लागेल इतपतच. पाच-सहा सेंटिमीटर सरकवून मोकळे होणारे लोक मोटरवर विनाकारण ताण आणतात, आणि त्यातून नवेच कंप निर्माण होतात. शिवाय या उपायाला एक मर्यादा आहे. दांडी आडवी असताना, म्हणजे लक्ष्य याम्योत्तराजवळ असताना, त्याचा परिणाम सर्वाधिक असतो. लक्ष्य पूर्व किंवा पश्चिम क्षितिजाकडे असताना दांडी उभी होत जाते आणि परिणाम जवळजवळ नाहीसा होतो. म्हणूनच आधी वर्मचाक यांनी सांगितलेला काटेकोर समतोल साधावा आणि त्यानंतरच मुद्दाम थोडा बिघडवावा. मुळात बाजूला झुकणाऱ्या नळीवर पूर्वेचा भार वाढवून बसणे म्हणजे दांडी वाकलेल्या तराजूत पासंग टाकण्यासारखे आहे.

मात्र प्रत्येक दोष समतोलाच्या माथी मारू नये. आपल्या विषुवांश चाकाला १४४ दाते असतील, तर वर्मचा एक फेरा सुमारे ५९८ सेकंदांत पुरा होतो, कारण चाकाचा स्वतःचा फेरा नाक्षत्र दिवसाएवढा, म्हणजे २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंदांचा असतो. साधारण दहा मिनिटांच्या आवर्तनाने तारा पूर्व-पश्चिम दिशेत हळुवार पुढे-मागे होत असेल, तर तो वर्मचा आवर्ती दोष आहे आणि कोणत्याही समतोलाने तो जाणार नाही. तारा उत्तर-दक्षिण दिशेत एकाच बाजूला संथपणे सरकत असेल, तर ध्रुवीय अक्षाची जुळणी तपासावी. असमतोलाची ओळख अचानक बसणाऱ्या उडीने किंवा वाऱ्याच्या झुळकेसरशी तारा डोलण्याने पटते.

थोडे विषयांतर करतो. जर्मन पद्धतीचा माउंट जर्मन दुर्बीणकार फ्राउनहोफर याने डोर्पाट (आजचे एस्टोनियातील टार्टू) वेधशाळेच्या २४ सेंटिमीटर व्यासाच्या दुर्बिणीसाठी बनवला. १८२४ साली ती दुर्बीण तेथे बसली. तो माउंट खाली उतरणाऱ्या वजनावर चालणाऱ्या घड्याळी यंत्राने फिरत असे, आणि असे यंत्र एवढ्या मोठ्या नळीला ताऱ्यामागे नेऊ शकते ते केवळ भार तोललेला असल्यामुळे. अमेरिकेतील पॅलोमार येथील २०० इंची हेल दुर्बिणीचा फिरणारा भार सुमारे ५०० टनांचा असूनही ताऱ्यामागे फिरवायला तिला १/१२ अश्वशक्तीची मोटर पुरते. आपल्या माउंटची मोटर लक्ष्यामागे जाताना कण्हत असेल, तर ती कमकुवत आहे असे मानण्याआधी समतोल पाहावा.

डॉब्सनप्रेमी यांचे उत्तर

मी विषुववृत्तीय माउंट वापरत नाही, पण हाच वर-खालीचा झुकाव डॉब्सन पद्धतीच्या (नळी नुसती वर-खाली आणि डावी-उजवी फिरणाऱ्या) साध्या पाळण्यातही छळतो, म्हणून थोडे लिहितो.

आमच्याकडे नळी घर्षणाच्या जोरावर स्थिर राहते. दोन इंची जाड आयपीस अर्धा ते एक किलोची असू शकते. ती लावली की क्षितिजाजवळच्या लक्ष्यावर नळीचे तोंड खाली जाते, आणि डोक्यावरच्या लक्ष्यावर मात्र तीच नळी निमूटपणे थांबते, कारण तोंडाकडच्या वजनाचे आघूर्ण नळी उभी होत जाते तसे कमी होत जाते. म्हणून पुढच्या-मागच्या झुकावाची परीक्षा नळी जवळजवळ आडवी करूनच घ्यावी. नळी पोलादी असेल तर मागच्या टोकाला चिकटवलेले लोहचुंबक सर्वांत सोयीचे ठरते, कारण ते आयपीस बदलताना चटकन पुढे-मागे करता येते. आयपीस उतरवण्याआधी चुंबक काढावे किंवा नळीला हात लावून ठेवावा, नाहीतर तोंड आकाशाकडे उसळते.

गुरुत्वमध्य धारव्याच्या, म्हणजे नळी ज्यावर वर-खाली फिरते त्या आधाराच्या, केंद्राच्या खाली राहिला, तर नळी कोठूनही एका ठरावीक उंचीकडे परत जाऊ पाहते. वर राहिला, तर ती कोणत्याही बाजूला पडू पाहते. आयपीस आणि फाइंडर नळीच्या वरच्या अंगाला असल्यामुळे बहुधा दुसराच प्रकार आढळतो. त्यावर घर्षण वाढवण्याचा उपाय लोक करतात, पण मग बारीक हालचाल करताना नळी अडकते आणि सुटली की झेप घेते. मागचे वजन नळीच्या खालच्या अंगाला लावल्यास दोन्ही दोष एकदमच कमी होतात.

नवनिरीक्षक यांचा प्रतिसाद

सर्वांचे मनःपूर्वक आभार. फोकसर माउंटकडे वळवून पाहिला आणि मार्गदर्शक दुर्बीण माथ्यावर घेतली. उभ्या स्थितीतला झुकाव जवळपास नाहीसा झाला असून ध्रुवाकडे रोखलेल्या स्थितीत विषुवांश अक्षही स्थिर राहतो. चिकटपट्टीवर केलेल्या दोन खुणांमधले अंतर माझ्या अपेक्षेपेक्षा बरेच जास्त निघाले, म्हणजे आतापर्यंत माझा समतोल त्या पट्ट्यात कोठेही पडत असावा.

आणखी दोन गोष्टी विचारतो. नळी याम्योत्तरावर आपोआप उलटवण्याचे काम मी संगणकावर सोपवतो आणि त्या वेळी दुर्बिणीजवळ नसतो. मग काउंटरवेट वर सरकवणार कोण? दुसरे म्हणजे, माझ्याकडे ५ किलोची दोन वजने आहेत. त्यांतले एकच दांडीच्या टोकाला लावले तरी नळी तोलली जाते. माउंटवर भार कमी पडावा म्हणून तसे करणे योग्य ठरेल का?

याम्योत्तर यांचे उत्तर

आपण जवळ नसाल तर दोनच पर्याय उरतात. रात्रीचा अधिक काळ लक्ष्य याम्योत्तराच्या ज्या बाजूला असेल, त्या बाजूसाठी पूर्वेचा भार ठेवावा आणि उरलेल्या काळातली काही चित्रे टाकून द्यायची तयारी ठेवावी, किंवा काटेकोर समतोल साधून फट कमीत कमी राहील अशी वर्मची जुळणी करून घ्यावी. मी दुसरा पर्याय निवडेन. उलटवल्यानंतर भार पश्चिमेला जड होतो, म्हणजे नळी मोटरच्या पुढे पुढे घसरू पाहते, आणि ही स्थिती काटेकोर समतोलापेक्षा वाईट असते असे माझे मत आहे.

हे सारे वर्म आणि चाक असलेल्या माउंटपुरते आहे. हार्मोनिक गिअरच्या माउंटमध्ये फट जवळजवळ नसते आणि ठरावीक भारापर्यंत काउंटरवेटही लागत नाही. अक्षावर थेट मोटर असलेल्या माउंटला मात्र दाते नसल्यामुळे पूर्वेच्या भाराचा काहीच उपयोग नसतो, तेथे काटेकोर समतोलच हवा.

वर्मचाक यांचे उत्तर

दोन्ही वजने लावा आणि ती वर, अक्षाच्या जवळ ठेवा. आपली नळी ९.७ किलोची आणि तिचा गुरुत्वमध्य विषुवांश अक्षापासून २३ सेंटिमीटर अंतरावर धरला, तर आघूर्ण सुमारे २२३ किलो-सेंटिमीटर होते. ते १० किलोने तोलायचे तर वजने २२.३ सेंटिमीटरवर येतात, आणि ५ किलोने तोलायचे तर ४४.६ सेंटिमीटरवर. आघूर्ण दोन्हीकडे सारखेच आहे, पण जडत्व आघूर्णात, म्हणजे फिरण्याला होणाऱ्या विरोधात, अंतराचा वर्ग येतो, म्हणून पहिल्या मांडणीत काउंटरवेटचे जडत्व आघूर्ण सुमारे ५,००० आणि दुसऱ्या मांडणीत सुमारे १०,००० किलो-वर्ग सेंटिमीटर भरते. टोकाला एकच वजन लावलेली दांडी वाऱ्याने किंवा मोटरच्या हालचालीने डोलू लागली, की थांबायला वेळ घेते. माउंटची जी भारक्षमता सांगितलेली असते, तिच्यात काउंटरवेट सहसा धरलेले नसते, त्यामुळे १० किलोची धास्ती बाळगण्याचे कारण नाही.

वजने लावताना ती नळीच्या आधी चढवावी आणि काढताना नळी आधी उतरवावी. दांडीच्या टोकाचा सुरक्षा-स्क्रू कधीही काढून ठेवू नये; वजनाचा मुख्य स्क्रू सैल राहिला तर पाय आणि ५ किलोचे लोखंड यांच्यामध्ये तेवढीच एक गोष्ट असते.

वायरींकडे अजून पाहिले नसेल तर पाहावे. कॅमेऱ्याची, हीटरची आणि मार्गदर्शक कॅमेऱ्याची वायर एकत्र करून ती आधी डव्हटेलच्या मध्याजवळ, म्हणजे क्रांती अक्षाच्या निकट बांधावी आणि तेथून एक सैल वळसा देऊन खाली सोडावी. जमिनीवरून थेट नळीच्या टोकापर्यंत गेलेली वायर नळी फिरते तशी कमी-अधिक लोंबते आणि तिचे वजन दर तासाला बदलते. ते कोणत्याही काउंटरवेटने तोलता येत नाही. बांधून झाल्यावर दोन्ही क्लच सोडून नळी हाताने पूर्वेच्या क्षितिजापासून पश्चिमेच्या क्षितिजापर्यंत, उलटवण्याच्या हालचालीसकट, एकदा फिरवून पाहावी. वायर जेथे ताणली जाते किंवा तिपाईच्या स्क्रूला अडकते, तेथे वळसा वाढवावा आणि मग क्रांती अक्षाची उभी-आडवी चाचणी पुन्हा करावी.